ब्राउझरच्या नोंदींचा न्यायवैद्यक तपास: पुरावा हातात घेण्यापासून अहवालापर्यंत

"या लॅपटॉपवरून अमुक साइट उघडली होती का?" "ही फाइल इथेच उतरवली का, आणि कधी?" ब्राउझरचा तपास बहुतेक वेळा अशाच एखाद्या साध्या प्रश्नाने सुरू होतो. उत्तर मात्र एका जागी सापडत नाही. ब्राउझर स्वतःच्या सोयीसाठी डझनभर ठिकाणी नोंदी ठेवतो. पत्ता पटकन सुचवता यावा, पान लवकर उघडावं, बंद पडल्यावर टॅब परत आणता यावेत, ही त्याची कारणं. यातलं काहीच तपासासाठी बनवलेलं नाही. त्यामुळे नोंद सांगते ती ब्राउझरने काय केलं एवढंच. त्या वेळी समोर कोण बसलं होतं, हे वेगळ्या पुराव्याने सिद्ध करावं लागतं. नवखे तपासनीस नेमके इथे घसरतात, म्हणून खाली प्रत्येक नोंदीबरोबर ती काय सिद्ध करत नाही हेही लिहिलं आहे.

भर क्रोमवर आहे. एज, ब्रेव्ह, ऑपेरा हे सगळे क्रोमियमवरच, म्हणजे क्रोमच्याच खुल्या पायावर उभे असल्याने त्यांच्या फाइली जवळपास सारख्याच असतात. फायरफॉक्स आणि सफारी जिथे वेगळे वागतात, तिथे तसं सांगितलं आहे.

आधी परवानगी, मग प्रश्न

यंत्राचा मालक किंवा सक्षम अधिकारी यांची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय डिस्कला हात लावू नका. परवानगीत कोणतं यंत्र, कोणतं खातं आणि कोणता कालावधी, हे स्पष्ट हवं. ब्राउझरमध्ये माणसाचं आजारपण, बँक, घरगुती भांडणं असं सगळं असतं. मर्यादा ठरलेली नसेल तर तपास बघता बघता हेरगिरी होतो.

मग प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. "ब्राउझर तपासा" हा प्रश्न नाही. "अमुक तारखांच्या दरम्यान या खात्यातून अमुक साइटवर फाइल चढवली गेली का?" हा प्रश्न आहे. तो लिहिला की कोणत्या फाइली आधी उघडायच्या ते आपोआप ठरतं.

पुरावा हातात घेताना

यंत्र चालू असेल तर ते लगेच बंद करायची घाई नको. उघडे टॅब, खासगी विंडो, डीएनएसची (साइटच्या नावावरून तिचा नेटवर्क-पत्ता सांगणारी) तात्पुरती यादी हे सगळं रॅममध्ये असतं आणि वीज गेली की जातं. डिस्क पूर्ण कूटबद्ध असेल तर बंद केल्यावर ती पुन्हा उघडेलच असंही नाही. आधी पडद्याचा फोटो, मग रॅमची प्रत, मग डिस्क, हा क्रम ठेवा.

यंत्र बंद असेल तर राइट ब्लॉकर (डिस्कवर काहीही लिहू न देणारं उपकरण) लावून संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या. एफटीके इमेजरसारखं मोफत साधन पुरेसं आहे. इमेज पूर्ण झाली की तिचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) काढून नोंदवहीत लिहा. कुणी, कधी, कोणत्या साधनाने, साधनाची कोणती आवृत्ती, हेही त्याच वेळी लिहायचं. नंतर आठवून लिहिलेली नोंदवही उलटतपासणीत टिकत नाही.

फक्त प्रोफाइलचं (ब्राउझर एका वापरकर्त्याच्या सगळ्या नोंदी ठेवतो ते) फोल्डर उचलायची मुभा असेल तर ते पूर्ण उचला. "हिस्टरी" नावाची एकच फाइल आणली आणि शेजारच्या जर्नल फाइली (बदलांची तात्पुरती नोंद ठेवणाऱ्या) मागे राहिल्या, तर कदाचित सर्वांत ताज्या नोंदीच मागे राहिल्या असतील.

प्रोफाइल नेमकी कुठे

विंडोजवर वापरकर्त्याच्या फोल्डरात अ‍ॅपडेटा, त्यात लोकल, गूगल, क्रोम, यूजर डेटा असं खाली उतरत जा. तिथे "डिफॉल्ट" नावाचं फोल्डर असतं, आणि एकापेक्षा जास्त प्रोफाइल असतील तर "प्रोफाइल १", "प्रोफाइल २" अशी आणखी फोल्डरं. फक्त डिफॉल्ट पाहून थांबू नका. शेजारी "लोकल स्टेट" नावाची जेसन (साध्या मजकुरातली) फाइल असते. तिच्यात प्रत्येक प्रोफाइलला दिलेलं नाव आणि जोडलेलं खातं सापडतं, म्हणून मी सुरुवात तिथूनच करतो.

फायरफॉक्सचा संसार दोन ठिकाणी विभागलेला असतो: इतिहास, कुकीज (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी), पासवर्ड वगैरे रोमिंगमध्ये, आणि कॅशे (पानांच्या तात्पुरत्या साठवलेल्या प्रती) लोकलमध्ये. मॅकवर हे सगळं वापरकर्त्याच्या लायब्ररी फोल्डरात मिळतं. जुन्या विंडोज यंत्रावर "वेबकॅशे" नावाची ईएसई या मायक्रोसॉफ्टच्या प्रकारची डेटाबेस फाइल दिसली तर ती सोडू नका. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला असला, तरी त्या फाइलमध्ये वेबपत्त्यांसोबत यंत्रावर उघडलेल्या स्थानिक फाइलींचे मार्गही आढळतात.

फाइल उघडण्याआधी

ब्राउझरच्या बहुतेक नोंदी एसक्यूलाइट, म्हणजे एकाच फाइलमध्ये तक्ते साठवणाऱ्या, डेटाबेसमध्ये असतात. डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट हे साधन नवशिक्यालाही जमतं. पण एक धोका आहे. फायरफॉक्सचा "प्लेसेस" डेटाबेस राइट अहेड लॉग, म्हणजे वॉल पद्धतीने चालतो. नवे बदल आधी शेजारच्या वॉल फाइलमध्ये जातात आणि मुख्य फाइलमध्ये नंतर मिसळतात. तुम्ही डेटाबेस नेहमीसारखा उघडून बंद केला की ही मिसळण्याची क्रिया तुमच्याच हातून घडते आणि वॉल फाइल नाहीशी होते. म्हणजे पुरावा बदलला, आणि बदलणारे तुम्ही.

म्हणून नेहमी प्रतीवर काम करायचं, आणि प्रती दोन ठेवायच्या. एका फोल्डरात मुख्य फाइल वॉलसकट, दुसऱ्यात नुसती मुख्य फाइल. दोन्ही उघडून तक्ते ताडून पाहिले की शेवटच्या काही काळात काय भरलं गेलं आणि काय पुसलं गेलं ते समोर येतं. यंत्र अचानक बंद पडलेलं असेल तर ही तुलना फार बोलकी ठरते.

वेळेचं गणित

क्रोमच्या इतिहासातली वेळ १ जानेवारी १६०१ पासूनच्या मायक्रोसेकंदांत असते. तक्त्यात समजा १३३५००१२३४५६७८९०१ हा आकडा दिसला. त्याला दहा लाखांनी भागा. सेकंद मिळतात १३३५००१२३४५. त्यातून ११६४४४७३६०० वजा करा, कारण १६०१ ते १९७० या काळात तेवढे सेकंद आहेत. उरले १७०५५३८७४५, म्हणजे १८ जानेवारी २०२४, मध्यरात्रीनंतर ४५ मिनिटं आणि ४५ सेकंद, यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार. यूटीसीच्या पाच तास मागे असलेल्या ठिकाणी त्या क्षणी अजून १७ तारीखच चालू होती. अहवालात तारीख लिहिताना कोणत्या प्रमाणवेळेची ते लिहिलं नाही, तर एका दिवसाचा घोळ असा होतो.

फायरफॉक्स मायक्रोसेकंदच मोजतो, पण १९७० पासून. सफारी १ जानेवारी २००१ पासून सेकंद मोजते. तिच्या आकड्यात ९७८३०७२०० मिळवले की युनिक्स वेळ, म्हणजे १९७० पासूनचे सेकंद, मिळते. आणि क्रोम स्वतःशीही एकवाक्यता राखत नाही: "वेब डेटा" फाइलमधल्या ऑटोफिलच्या तारखा साध्या युनिक्स सेकंदांत आहेत, १६०१ च्या नव्हेत. साधनाने दाखवलेली तारीख भलत्याच शतकातली दिसली तर आधी हा फरक तपासा.

यंत्राचं घड्याळच चुकीचं असेल तर? त्यासाठी कॅशे कामी येते. तिथे साठवलेल्या प्रतिसादात सर्व्हरने पाठवलेली तारीख असते आणि ब्राउझरने तो प्रतिसाद स्थानिक घड्याळानुसार कधी घेतला तेही असतं. दोन्हींतला फरक बऱ्याच नोंदींमध्ये सारखाच येत असेल, तर घड्याळ तेवढं पुढे किंवा मागे होतं. एकाच नोंदीवर मात्र भिस्त ठेवू नका; वाटेतल्या सीडीएन (साइटच्या प्रती साठवून देणाऱ्या) सर्व्हरने जुनाच प्रतिसाद दिलेला असू शकतो.

भेटींचा तक्ता

"हिस्टरी" फाइलमध्ये दोन तक्ते महत्त्वाचे. "यूआरएल्स" तक्त्यात प्रत्येक पत्ता एकदाच येतो; त्यासोबत शीर्षक, एकूण भेटी आणि शेवटच्या भेटीची वेळ. "व्हिजिट्स" तक्त्यात प्रत्येक भेटीची स्वतंत्र ओळ असते. नुसता पहिला तक्ता पाहून "आरोपीने ही साइट १४ वेळा पाहिली" असं लिहिलेले अहवाल येतात. त्या चौदांतल्या किती भेटी मागे-पुढे जाताना पडल्या, हे दुसरा तक्ता उघडल्याशिवाय कळत नाही.

व्हिजिट्समध्ये "ट्रान्झिशन" नावाचा रकाना आहे. त्यात ८३८८६०८०१ असे भलेमोठे आकडे दिसतात. हा आकडा २५५ शी बिटनिहाय "अँड" करा, म्हणजे फक्त शेवटचे आठ बिट राखा, उरतो १. शून्य म्हणजे दुव्यावर क्लिक, १ म्हणजे टाइप केलेला पत्ता, २ म्हणजे बुकमार्कसारख्या ब्राउझरच्या सुचवणीतून, ३ म्हणजे पानातल्या चौकटीत आपोआप आलेलं, ५ म्हणजे पत्तापट्टीतून केलेला शोध, ७ म्हणजे फॉर्म पाठवणं आणि ८ म्हणजे रीलोड. वरच्या बिट्समध्ये जास्तीची माहिती असते: भेट पत्तापट्टीतून झाली का, पुनर्निर्देशनाच्या (एका पत्त्यावरून आपोआप दुसऱ्यावर नेण्याच्या) साखळीची सुरुवात होती की शेवट. वरच्या उदाहरणात पत्तापट्टीची खूण आहे आणि साखळीच्या दोन्ही टोकांच्या खुणा आहेत. म्हणजे पत्ता पट्टीतून आला आणि मध्ये कुठेही वळण नव्हतं.

हा पुरावा मजबूत आहे, पण "टाइप केलेला" याचा अर्थ सगळी अक्षरं बोटांनी दाबली असा होत नाही. पहिलं अक्षर टाकल्यावर ब्राउझरने सुचवलेला पत्ता एंटर दाबून स्वीकारला तरी नोंद तीच पडते. उलट, शून्य आहे म्हणून माणसाने स्वतः क्लिक केलं असंही ठामपणे म्हणता येत नाही. स्क्रिप्टने दुसऱ्या पानावर नेलं तरी शून्यच पडू शकतं.

पुढे "फ्रॉम व्हिजिट" रकाना पाहा. त्यात मागच्या भेटीचा क्रमांक असतो. एक एक पाऊल मागे जात साखळी काढा: उतरवण्याचं पान, त्याआधी मेलमधला दुवा, त्याआधी मेलची इनबॉक्स. ही साखळी मी हाताने कागदावर काढतो. साधनं ती सपाट यादीत दाखवतात आणि कोण कुणामुळे आलं ते हरवतं.

"व्हिजिट ड्युरेशन" या रकान्याने मात्र फसू नका. तो मायक्रोसेकंदांत असतो आणि पान किती वेळ उघडं होतं तेवढं सांगतो. टॅब उघडा ठेवून माणूस जेवायला गेला तरी आकडा वाढतोच.

सर्वांत मोठी चूक होते ती सिंकमुळे, म्हणजे उपकरणांमधल्या आपोआप देवाणघेवाणीमुळे. खातं जोडलेलं असेल तर फोनवर पाहिलेली पानं लॅपटॉपच्या इतिहासात उतरतात. "व्हिजिट सोर्स" तक्त्यात त्या भेटीची ओळ असेल आणि सोर्स शून्य असेल, तर भेट सिंकमधून आली. याच यंत्रावर झालेल्या साध्या भेटीची तिथे ओळच नसते. अलीकडच्या आवृत्त्यांत व्हिजिट्समध्ये मूळ उपकरणाची ओळख सांगणारा रकानाही असतो. तो भरलेला दिसला की भेट दुसऱ्या उपकरणावरची. हे न पाहता एखाद्यावर ठपका ठेवणं हा अक्षम्य निष्काळजीपणा आहे.

फायरफॉक्समध्ये हेच काम "मोझ प्लेसेस" आणि "मोझ हिस्टरीव्हिजिट्स" हे तक्ते करतात. तिथले प्रकार-क्रमांक वेगळे आहेत: १ दुवा, २ टाइप केलेलं, ३ बुकमार्क, ७ डाउनलोड, ९ रीलोड.

उतरवलेल्या फाइली

"डाउनलोड्स" तक्त्यात फाइलचा मार्ग, सुरुवात आणि शेवटची वेळ, एकूण बाइट आणि प्रत्यक्ष मिळालेले बाइट असतात. "स्टेट" १ असेल तर काम पूर्ण झालं, २ असेल तर रद्द, ४ असेल तर मध्येच तुटलं. शेजारच्या साखळीच्या तक्त्यात फाइल कोणकोणत्या पत्त्यांवरून वळत वळत आली ते क्रमाने मिळतं. "ओपन्ड" रकाना शून्य आहे म्हणून फाइल उघडलीच नाही असं समजू नका. ब्राउझरमधूनच उघडली तर त्याची नोंद होते. फोल्डरात जाऊन उघडलेली फाइल ब्राउझरला कळत नाही.

इतिहास पुसलेला असेल तर फाइलकडेच वळा. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर उतरवलेल्या फाइलला "झोन आयडेंटिफायर" नावाचा जोडप्रवाह (फाइलसोबत राहणारी लपलेली माहिती) चिकटलेला असतो. त्यात झोन ३, म्हणजे इंटरनेट, आणि बऱ्याचदा मूळ पत्ता आणि आधीच्या पानाचा पत्ताही असतो. मॅकवर हेच काम क्वारंटाइनची खूण आणि "कुठून आली" हा गुणधर्म करतात. ब्राउझरची सफाई या खुणांना स्पर्श करत नाही.

माणसाच्या बोटांच्या जवळच्या नोंदी

काही नोंदी यंत्राने आपोआप तयार होणं अवघड असतं. त्या शोधायला वेळ द्या. "कीवर्ड सर्च टर्म्स" तक्त्यात शोधलेले शब्द मिळतात. "शॉर्टकट्स" फाइलमध्ये पत्तापट्टीत कोणती अक्षरं टाकली आणि त्यावरून कोणता पर्याय निवडला हे जोडीने असतं. "वेब डेटा"मध्ये फॉर्ममध्ये भरलेलं नाव, पत्ता, आणि ते शेवटचं कधी वापरलं ते.

"लॉगिन डेटा" फाइलकडे लोक फक्त पासवर्डसाठी पाहतात. परवानगीशिवाय ते उकलायचेही नाहीत आणि बहुतेक प्रश्नांना त्यांची गरजही पडत नाही. मला त्यातली "पासवर्ड कधीच साठवू नको" असं सांगितलेल्या साइट्सची यादी जास्त मोलाची वाटते. तिथे साइटचं नाव आणि तारीख असते, आणि ती ओळ तयार व्हायला त्या साइटवर लॉगिन करून एक ठरावीक बटण दाबावं लागतं. "मला ती साइट माहीतच नाही" या उत्तरापुढे ही ओळ ठेवता येते.

"प्रेफरन्सेस" ही जेसन फाइलही पूर्ण वाचा. कोणत्या साइटला कॅमेरा, स्थान किंवा सूचना पाठवायची परवानगी दिली आणि कधी दिली, हे तिथे मिळतं. इतिहास साफ करण्याच्या खिडकीत साइटच्या सेटिंग्जची खूण वेगळी असते. घाईत साफ करणारा ती बहुधा लावत नाही.

कुकीज आणि कॅशे

कुकी सांगते की त्या डोमेनशी या प्रोफाइलचा संबंध आला. एवढंच. जाहिरातीच्या एका चौकटीतूनही कुकी बसते, म्हणून निव्वळ कुकीवरून "साइट पाहिली" असं लिहू नका. क्रोममध्ये कुकीचं मूल्य कूटबद्ध असतं. विंडोजवर २०२४ मधल्या १२७ व्या आवृत्तीपासून हे कूटबंधन अ‍ॅपशी बांधलं गेल्याने डिस्कच्या इमेजवरून ते उलगडणं आणखी कठीण झालं आहे. यजमानाचं (साइटच्या सर्व्हरचं) नाव, तयार झाल्याची वेळ आणि शेवटच्या वापराची वेळ मात्र उघडी असते आणि कालरेषेला तीच लागते. फायरफॉक्समध्ये मूल्यही साधं वाचता येतं.

कॅशेमध्ये चित्रं आणि पानांचे तुकडे मिळतात. फाइलींना एक्स्टेन्शन नसतं, सुरुवातीच्या बाइटवरून प्रकार ओळखायचा. क्रोमने २०२० पासून कॅशे साइटनिहाय विभागली आहे. त्यामुळे चित्राच्या चावीतच (कॅशेतल्या नोंदीच्या नावातच) ते कोणत्या साइटवर असताना आलं तेही लिहिलेलं असतं. पण पानाचा काही भाग ब्राउझर आधीच आणून ठेवतो, त्यामुळे कॅशेत आहे म्हणजे डोळ्यांनी पाहिलं असं नव्हे.

पुसलेलं परत मिळतं का

क्रोम इतिहास साधारण ९० दिवसांपर्यंतच ठेवतो. त्याआधीचं काही दिसत नाही म्हणून कुणी पुसलं असा निष्कर्ष काढू नका. फायरफॉक्स दिवसांऐवजी पानांच्या संख्येची मर्यादा पाळतो, म्हणून तिथे वर्षांपूर्वीच्या नोंदीही सापडतात.

मधल्या काळातलं भगदाड ही वेगळी गोष्ट. व्हिजिट्समधले क्रमांक चढत्या क्रमाने लावा. जुन्या टोकाला तुटक आकडे असणं स्वाभाविक आहे. पण सलग चाललेल्या क्रमात मध्येच मोठी रांग गायब असेल आणि तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या नोंदी शाबूत असतील, तर तेवढ्याच काळाची निवडक सफाई झाली असण्याची दाट शक्यता आहे. काय पुसलं ते यातून कळत नाही, पण कधीचं पुसलं ते कळतं.

एसक्यूलाइटच्या मोकळ्या पानांतून पुसलेल्या ओळी परत काढण्याचे धडे सगळीकडे सापडतात. ब्राउझरांच्या बाबतीत त्यावर फार आशा ठेवू नका. क्रोमियम आणि फायरफॉक्स दोघेही पुसलेल्या जागी शून्यं लिहिण्याची सोय चालू ठेवून एसक्यूलाइट वापरतात. खरं यश शेजारी मिळतं: वॉल फाइलमधल्या जुन्या चौकटी (बदलांचे तुकडे), विंडोजच्या शॅडो कॉपीतला (आपोआप घेतलेल्या जुन्या प्रतीतला) आठवड्यापूर्वीचा डेटाबेस, बुकमार्कची बॅकअप फाइल, टॅब परत आणण्यासाठी ठेवलेल्या सेशन फाइली. लोकल स्टोरेज (साइटने ब्राउझरमध्ये साठवलेला डेटा) तर लेव्हलडीबी नावाच्या डेटाबेसमध्ये असतं. तिथे नवं मूल्य जुन्यावर न लिहिता खाली जोडलं जातं, आणि जुनं मूल्य पुढची आवराआवर होईपर्यंत तिथेच पडून राहतं. चॅटचे तुकडे, मसुदे, वापरकर्त्याचे क्रमांक मला इथे सर्वांत जास्त मिळतात.

सफारीत सिंक चालू असेल तर पुसलेल्या पत्त्यांसाठी "टूमस्टोन्स" नावाचा तक्ता असतो. दुसऱ्या उपकरणांनाही पुसायला सांगता यावं म्हणून तो ठेवलेला असतो. पुसल्याची इतकी सरळ नोंद दुसरीकडे क्वचितच मिळते.

खासगी विंडो

खासगी विंडोतला इतिहास डिस्कवरच्या डेटाबेसमध्ये लिहिला जात नाही, हे खरं आहे. पण तिथून उतरवलेली फाइल डिस्कवर राहते, आणि क्रोमने तिला लावलेल्या झोनच्या खुणेत मूळ पत्त्याऐवजी "अबाउट इंटरनेट" असं दिसतं. ही खूण स्वतःच सूचक आहे. खासगी विंडोत जतन केलेला बुकमार्क तारखेसकट टिकतो. बाकी पाहायचं ते रॅमची प्रत, पेजफाइल आणि हायबरनेशनची फाइल (रॅममधला मजकूर विंडोज डिस्कवर ठेवतो त्या), आणि यंत्राबाहेर प्रॉक्सी किंवा राउटरच्या नोंदी. यातलं काहीच नसेल तर "आढळलं नाही" असं लिहा. "केलं नाही" असं लिहू नका.

कालरेषा आणि अहवाल

सगळ्या नोंदी यूटीसीत आणून एकाच तक्त्यात वेळेनुसार लावा. क्रोमियमसाठी हाइंडसाइट हे मोफत साधन हे काम चांगलं करतं. ऑटोप्सी आणि प्लासो ब्राउझरबाहेरच्या नोंदीही मिसळतात. तीच फाइल दुसऱ्या साधनातूनही काढून पाहा, आणि निर्णायक ओळी थेट डेटाबेस उघडून स्वतः पडताळा.

मग माणूस आणि यंत्र यांची सांगड. त्या वेळी विंडोजमध्ये कोणतं खातं लॉग-इन होतं? कुलूप उघडल्याची नोंद आहे का? त्याच मिनिटांत त्याच प्रोफाइलमधून त्या व्यक्तीच्या वैयक्तिक मेलमध्ये प्रवेश झाला का? संशयित भेटीच्या अलीकडे-पलीकडे अशा वैयक्तिक हालचाली असतील तर ओळख पक्की होत जाते. नसतील तर अहवालात खात्याचं नाव लिहायचं, माणसाचं नाही.

निष्कर्षाचं वाक्य असं असावं: "अमुक प्रोफाइलच्या व्हिजिट्स तक्त्यातील अमुक क्रमांकाच्या ओळीनुसार, १८ जानेवारी २०२४ रोजी यूटीसी ००:४५:४५ वाजता हा पत्ता पत्तापट्टीतून उघडला गेला. सिंकची नोंद आढळली नाही." मूळ १७ अंकी आकडा, फाइलचा हॅश आणि वापरलेल्या साधनाची आवृत्ती परिशिष्टात जोडा, म्हणजे समोरच्या बाजूचा तज्ज्ञ तोच आकडा स्वतः मोजून पाहू शकेल.